पहिल्या रात्रीआधी चारकोल: काय काय हाताशी हवं

माइनक्राफ्ट या गेममध्ये नवा वर्ल्ड (खेळाचं जग) सुरू केला आणि आसपास दगडी कोळसा दिसत नसेल, तर त्याच्या मागे डोंगर पालथे घालू नका. दिवसाचा उजेड दहाच मिनिटांचा. टॉर्चला (मशालीला) चारकोल, म्हणजे लाकडाचा कोळसा, दगडी कोळशाइतकाच चालतो आणि तो झाडांचे ओंडके फर्नेसमध्ये, म्हणजे भट्टीत, भाजून करता येतो.

आधी ओंडके, सोळा. ओक, बर्च, स्प्रूस, जे समोर असेल ते. (नेदर या गेममधल्या दुसऱ्या जगातली क्रिमसन आणि वॉर्प्ड खोडं मात्र बाद; ती जळतच नाहीत.) त्यातल्या तिनांच्या बारा फळ्या करा. चार फळ्या क्राफ्टिंग टेबलात (वस्तू बनवायच्या टेबलात) जातात, दोन फळ्यांच्या चार काड्या होतात, आणि तीन फळ्या व दोन काड्या लाकडी पिकॅक्सला (दगड खणायच्या कुदळीला) लागतात. तीन फळ्या, दोन काड्या उरतात, त्या जपा. बाकीचे ओंडके उगाच फोडत बसू नका. फळ्यांचा चारकोल होत नाही आणि फळ्यांचा पुन्हा ओंडकाही होत नाही.

मग दगड. फर्नेसला पिकॅक्सने खणलेले आठ कॉबलस्टोन (दगडाचे ठोकळे) पुरे. ब्लास्ट फर्नेस किंवा स्मोकर या दुसऱ्या भट्ट्यांच्या भानगडीत पडू नका, त्यांत ओंडक्याचा चारकोल होतच नाही.

आता जळण. बहुतेकांचं लाकूड वाया जातं ते इथेच: फर्नेसच्या वरच्या, भाजायच्या खणातही ओंडके आणि खालच्या, जळणाच्या खणातही ओंडके. अख्खा ओंडका जळतो पंधरा सेकंद आणि त्याच्यापासून झालेल्या चार फळ्यांपैकी एकेक फळीही जळते पंधरा सेकंद! मग ओंडका कशाला जाळायचा? एक चारकोल व्हायला दहा सेकंद लागतात, म्हणजे त्या उरलेल्या तीन फळ्यांवर चार ओंडके आरामात होतात. हाती आलेल्या चार चारकोलपैकी एक लगेच खाली सरकवा आणि वर आठ ओंडके ठेवा. चारकोल ऐंशी सेकंद जळतो, बरोबर आठ नगांपुरता. आठापेक्षा कमी ठेवलेत तर आग रिकामी जळत राहते, ती थांबवता येत नाही. तोवर शेजारीच दगड खणा. फार लांब गेलात तर तो भाग गेममध्ये लोड (चालू) राहत नाही आणि फर्नेसचं काम अडतं.

सोळावा ओंडका काड्यांसाठी: चार फळ्या, आठ काड्या. आधीच्या दोन धरून दहा. दहा काड्या आणि दहा चारकोल यांचे चाळीस टॉर्च होतात, पहिल्या रात्रीला ते भरपूर झाले. अकरावा चारकोल पुढच्या आठ ओंडक्यांखाली जाणार, त्याचे टॉर्च करायचा मोह टाळा.

पुढे कोळसा सापडला की कोळसा आणि चारकोल दोन्हींना इन्व्हेंटरीत (जवळच्या सामानात) वेगळा स्लॉट (खण) लागेल, ते एकत्र रचले जात नाहीत. चारकोलचा ब्लॉकही होत नाही आणि गावकरी तो विकत घेत नाहीत, म्हणून पेट्या भरून साठवण्यात अर्थ नाही. लागेल तेवढाच करा.