स्कूबा डायव्हिंगचे पहिले साहित्य कसे निवडावे

स्कूबा डायव्हिंग शिकायला सुरुवात करताना सगळे साहित्य एकदम विकत घेण्याची गरज नसते. सिलिंडर, पाण्याखाली जाण्यासाठी अंगावर बांधायची वजने, रेग्युलेटर (सिलिंडरमधील हवा श्वास घेता येईल अशा दाबाने तोंडात पुरवणारे उपकरण) आणि बीसीडी, म्हणजे हवा भरून किंवा सोडून पाण्यातील तरंगणे नियंत्रित करणारे जाकीट, या वस्तू प्रशिक्षण केंद्रात सहसा वापरायला मिळतात, आणि त्या काही काळ हाताळल्याशिवाय आपल्याला काय सोयीचे पडते हे कळतही नाही. म्हणून ज्या वस्तूंचे माप प्रत्येक शरीरागणिक बदलते त्या आधी घ्याव्यात, आणि त्यांत पहिला मान मास्कचा.

पोहण्याचा साधा चष्मा इथे चालत नाही. दहा मीटर खोलीवर एकूण दाब पृष्ठभागावरच्या दुप्पट होतो, त्यामुळे मास्कमधील हवा आक्रसते आणि मास्क चेहऱ्यावर ओढला जातो. अशा वेळी नाकातून थोडी हवा आत सोडून दाब सारखा करावा लागतो. त्यासाठी नाक मास्कच्या आतच असले पाहिजे. कानांतील दाब सारखा करण्यासाठी नाक बाहेरून चिमटीत धरता येते का, हेही पाहावे. काच टेम्पर्ड (फुटलीच तर धारदार तुकडे न होणारी) आणि कडा मऊ सिलिकॉनची असावी. दुकानात मास्क पारखताना पट्टा डोक्यामागे न घेता, केस बाजूला सारून, तो चेहऱ्यावर हलकेच टेकवावा, नाकातून थोडा श्वास ओढावा आणि हात काढून घ्यावा. श्वास रोखून धरला आहे तोवर मास्क जागचा हलता कामा नये. तो दाबून बसवावा लागत असेल, तर तो कितीही महागडा असला तरी आपल्या चेहऱ्याचा नाही. शक्य असल्यास तोंडात रेग्युलेटरचे किंवा स्नॉर्केलचे, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर श्वास घेण्याच्या नळीचे, टोक धरून हीच परीक्षा पुन्हा करावी, कारण तोंड उघडले की गालांची ठेवण बदलते. दाट मिशी असल्यास थोडे पाणी झिरपतेच. पट्टा आवळून ते थांबत नाही, उलट कड दुमडून गळती वाढू शकते. चष्मा लागत असेल तर नंबरच्या काचा बसवता येणारा मास्क घ्यावा.

वेटसूट, म्हणजे पाण्यात ऊब टिकवणारा अंगाबरोबरचा पोशाख, याबाबत पुष्कळ जण हयगय करतात. पाणी शरीरातील उष्णता हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने ओढून घेते, त्यामुळे उबदार वाटणाऱ्या पाण्यातही काही वेळाने हुडहुडी भरते. उबदार पाण्यासाठी साधारण 3 मिलिमीटर, त्याहून गार पाण्यासाठी 5 किंवा 7 मिलिमीटर जाडीचा निओप्रीन (फेसाळ रबर) सूट वापरतात. तो अंगाला घट्ट बसावा, पण छाती भरून श्वास घेता यावा; मान, काख आणि पाठीच्या खालच्या भागात पोकळी राहिली, तर तिथून गार पाणी खेळत राहते. सूट जाड झाला की तो अधिक तरंगतो, त्यामुळे सूट बदलल्यावर वजनांचा हिशेब नव्याने करावा लागतो.

फिन्स, म्हणजे पायांत घालायची वल्ह्यासारखी पाती, निवडताना फार ताठ पाती टाळावीत, कारण पायांना सवय नसताना पोटऱ्यांत गोळे येतात. उघड्या टाचेचे फिन्स घ्यायचे असतील, तर ते पाण्यातले बूट घालूनच मापून पाहावेत. स्नॉर्केल साधा असला तरी पुरे.

यानंतर पैसे शिल्लक असतील, तर रेग्युलेटरच्याही आधी डाइव्ह कॉम्प्युटर घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. खोली, वेळ आणि वर येण्याचा वेग यांवर तो सतत लक्ष ठेवतो आणि शरीरात साठलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून घ्यायचे थांबे न घेता थेट वर येता येईल असा किती वेळ उरला आहे ते सांगतो. जोडीदाराच्या कॉम्प्युटरवर विसंबून राहू नये, कारण दोघांची खोली आणि आधीच्या डाइव्ह सारख्या नसतात. त्याचे आकडे अंधूक प्रकाशातही स्पष्ट वाचता यावेत.

रेग्युलेटर घेताना ब्रँडपेक्षा जवळपास त्याची सर्व्हिसिंग होते का हे आधी विचारावे, आणि सिलिंडरशी होणारी जोडणी डिन (आट्यांनी आत बसणारी) आहे की योक (बाहेरून आवळून बसणारी), हे आपण वापरणार असलेल्या सिलिंडरशी ताडून पाहावे. जुना रेग्युलेटर सर्व्हिसिंगच्या नोंदींशिवाय घेऊ नये. बीसीडी मात्र वेटसूट घालूनच मापावा. पूर्ण फुगवल्यावरही श्वास कोंडता कामा नये.

नवी वस्तू आली की ती आधी स्विमिंग पूलमध्ये प्रशिक्षकाबरोबर वापरून पाहावी, आणि एका डाइव्हला शक्यतो एकच नवी वस्तू न्यावी, म्हणजे अडचण आलीच तर ती कशामुळे आली हे लगेच ओळखता येते.