सीमलेस पाइप आणि रेल्वेच्या चाकांच्या लाइनमध्ये येताय? आधी बिलेट बघा

मेटलर्जी किंवा मेकॅनिकल करून पाइप मिलमध्ये जीईटी, म्हणजे ग्रॅज्युएट इंजिनियर ट्रेनी, म्हणून लागलेली पोरं पहिल्याच आठवड्यात विचारतात, सर कुठला डिपार्टमेंट मागू, क्वालिटी का प्रॉडक्शन? मी बरीच वर्षं सीमलेस, म्हणजे बिनजोडाच्या, पाइपमध्ये काढलीयत आणि माझं उत्तर ठरलेलं असतं, मेल्ट शॉप, म्हणजे स्टील वितळवायचा विभाग, मिळत असेल तर डोळे झाकून घ्या, नसेल तर बिलेट यार्डचं इन्स्पेक्शन तरी मागून घ्या. बिलेट म्हणजे ओतून केलेला स्टीलचा दांडा, त्यातूनच पाइप आणि चाकं बनतात. तोंडं पडतात, कारण तिथे उकाडा, धूळ आणि नाइट शिफ्ट. पण असं का म्हणतो ते कळायला युक्रेनच्या इंटरपाइप या कंपनीची वाढ बघा, आमच्या लाइनमधल्या प्रत्येकाने ती अभ्यासावी असं मला मनापासून वाटतं.

ही कंपनी द्नीप्रो शहरातली. तिथला मूळ कारखाना १८९१ चा, सोव्हिएत काळात तिथे पाइपच्या जोडीला रेल्वेची चाकं सुरू झाली. कंपनी १९९० मध्ये काढली व्हिक्टर पिंचुक यांनी, आणि ते कोण तर पाइपवरच संशोधन करणाऱ्या संस्थेतले इंजिनियर, पीएचडी केलेले. पुढे द्नीप्रो, निकोपोल, नोवोमोस्कोव्स्क इथल्या मिल एकेक करून एका छताखाली आल्या. पण माझ्या मते खरी उडी २०१२ ची. जुन्या ओपन हार्थ भट्ट्या बंद करून त्यांनी भंगारावर चालणारा इलेक्ट्रिक आर्क फर्नेसचा नवा प्लँट उभारला, वर्षाला साधारण १३ लाख टन क्षमतेचा, खर्च ७० कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे पाइप आणि चाकं, दोन्हीसाठी लागणारं गोल बिलेट घरचंच, आणि हवं तितकं स्वच्छ.

कर्ज डोक्यावर आलं हेही खरं. रशियाचं मार्केट २०१३ नंतर हातातून जात गेलं, मग तेलाचे भाव पडले, कर्जाची फेररचना पूर्ण व्हायला २०१९ उजाडलं. तरी टिकले, कारण तेलाच्या विहिरीचे पाइप खपेनात तेव्हा चाकं होती, आणि स्टील स्वतःचं असल्यामुळे कडक स्पेसिफिकेशनवाल्या युरोपच्या गिऱ्हाइकांकडे जाता आलं. विकत घेतलेल्या बिलेटवर हे जमणं फार अवघड, हे मी अनुभवाने सांगतो.

आता बिलेटला एवढं महत्त्व का, तर पाइप बनताना बघा. जर्मनीच्या मानेसमान बंधूंनी १८८५ च्या सुमाराला शोधलेलीच पद्धत आजही चालते, बिलेट १२५० डिग्रीच्या आसपास तापवायचं, तिरक्या बसवलेल्या दोन रोलमध्ये गरगर फिरवत पुढे ढकलायचं, त्याने गाभ्यात ताण येऊन तो सैल होतो आणि समोरच्या प्लगवर, म्हणजे टोकदार ठोकळ्यावर, उघडत जातो. म्हणजे सगळा खेळ नेमका गाभ्यावर, आणि कास्टिंगमध्ये सगळ्यात शेवटी गोठणारा, सगळा कचरा आणि पोकळी गोळा होणारा भागही तोच! आमच्याकडे बिलेटची चकती कापून गरम हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये टाकतात. अर्ध्या तासाने काढून पाण्याखाली धुतली की मघाशी चकचकीत दिसणाऱ्या चकतीवर मधोमध काळा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या चिरा दिसतात, कधी बोटाच्या नखालाही लागतात. त्या हीटचे, म्हणजे भट्टीच्या त्या खेपेतल्या स्टीलचे, पाइप रोल केले तर आतून लॅप, म्हणजे दुमडल्यासारखे पापुद्रे, येणारच. अल्ट्रासॉनिक तपासणीत ते पकडलं जातं हो, पण तोवर गॅस, रोलिंग, हीट ट्रीटमेंट सगळ्याचा खर्च होऊन गेलेला असतो. ही चकती रोज बघणाऱ्या पोराला पुढे कुठलंही रिजेक्शन समजवावं लागत नाही.

चाकाचं तर आणखी कडक. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेल्या, चाकाला गोल बिलेटचा ठोकळा कापून प्रेसमध्ये दाबतात, मग व्हील मिलमध्ये रिम, म्हणजे चाकाची बाहेरची कड, रोल करतात, आणि शेवटी चाक फिरतं ठेवून फक्त रिमवर पाण्याचे फवारे मारतात. त्याने रिम कडक तर होतेच, शिवाय तिच्यात दाब देणारा ताण राहून जातो, त्यामुळे वर पडलेली चीर सहज पसरत नाही. पण स्टीलमध्ये हायड्रोजन राहिला तर आतच बारीक भेगा पडतात, म्हणून व्हॅक्युम डिगॅसिंग, म्हणजे निर्वातात वितळलेल्या स्टीलमधला वायू काढणं, लागतंच.

अशी चाकं आपल्याकडे पुरेशी होत नसल्याचा फटका २०२२ मध्ये कळला. वंदे भारतसाठी ३६,००० चाकांची ऑर्डर युक्रेनला होती आणि युद्ध सुरू झालं. तयार असलेली १२८ चाकं रस्त्याने रोमानियात नेऊन तिथून विमानाने आणली. १६ डबे गुणिले ८, म्हणजे जेमतेम एका गाडीची चाकं. आपल्या येलहंकाच्या कारखान्यात १९८४ पासून चाकं होतायत पण ती कास्ट, म्हणजे साच्यात ओतलेली, फोर्ज्ड दुर्गापूरला होतात आणि गरजेच्या मानाने कमी पडत होती. म्हणून रायबरेलीचा प्लँट, आणि चेन्नईजवळ टीटागढ-रामकृष्ण फोर्जिंगचा नवा, इथे पुढची काही वर्षं माणसं लागणार. पाइपमध्ये जायचं तर लांब जायलाच नको, नागोठणे, बारामती, अहिल्यानगर आहेच.

इंटरव्ह्यूला जाल तेव्हा तुम्हीही विचारा, बिलेट तुमचं का बाहेरचं, डिगॅसिंग आहे का, ट्रेनीला मेल्ट शॉपमध्ये किती महिने ठेवता. विचारल्याने कोणी रागावत नाही, उलट पॅनलवरचा जुना माणूस सरसावून बसतो. अल्ट्रासॉनिकचं लेव्हल टू सर्टिफिकेट पहिल्या वर्षी घाईने स्वतःच्या पैशाने करू नका, दोष हाताळून झाल्यावर दुसऱ्या वर्षी करा, बऱ्याच ठिकाणी कंपनीच खर्च देते. आणि डिप्लोमावाल्यांनी बिचकू नका, मेल्ट शॉपमध्ये सॅम्पल बघून कार्बनचा अंदाज सांगणारे मला भेटलेले बहुतेक जण डिप्लोमाचेच होते.