पस्ट्युलर सोरायसिसमध्ये शुगर, चरबी आणि वजन: आमच्या घरची वही

मी बार्शीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आमच्या दादाला, म्हणजे थोरल्या भावाला, जनरलाइज्ड पस्ट्युलर सोरायसिस आहे. हा नेहमीचा खवल्यांचा सोरायसिस नव्हे. यात ताप चढतो, अंग लालबुंद होतं आणि त्यावर पुवाच्या बारीक पुटकुळ्यांचे पुंजके उठतात. त्या पुवात जंतू नसतात आणि आजार कुणाला लागत नाही, हे शेजारीपाजारी पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. फॉन झुम्बुश या डॉक्टरांनी १९१० साली हे दुखणं नोंदवलं. काही रुग्णांत शरीरातल्या आयएल-३६ या सूज पेटवणाऱ्या रसायनाला आवर घालणारं जनुकच बिघडलेलं असतं, हे मात्र २०११ मध्ये कळलं.

सगळ्या घराचं लक्ष कातडीवर असतं. पण या रुग्णांत रक्तदाब, मधुमेह, वाढलेली चरबी आणि लठ्ठपणा बराच आढळतो. थोडं त्या सुजेमुळे, थोडं औषधांमुळे. म्हणून रिपोर्ट करायचेच, पण ते कधी केले आणि तेव्हा कोणती गोळी चालू होती हे माहीत नसेल तर आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. आमच्याकडे साधी शंभरपानी वही आहे. वहिनी त्यात तारीख, अंग कसं आहे (शांत, लाल, पुटकुळ्या, ताप), औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम, वजन, बीपी एवढं लिहितात. रिपोर्टची झेरॉक्स त्याच पानाला टाचायची. डॉक्टर बदलले तरी वही बदलायची नाही.

आजार भडकलेला असताना केलेल्या लिपिड प्रोफाइलवर (रक्तातल्या चरबीचा रिपोर्ट) भरवसा ठेवू नका. अंगात जोराची सूज असली की कोलेस्टेरॉल खोटं खाली येतं आणि माणूस खूश होतो. शुगर तेव्हा उलट चढलेली दिसू शकते. चरबीचा खरा अंदाज अंग शांत होऊन काही आठवडे गेल्यावर येतो. त्याची तारीख त्वचेच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

भडक्यात मात्र कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा), सोडियम-पोटॅशियम पाहावंच लागतं. कॅल्शियम खरोखर उतरू शकतं. पण अल्ब्युमिन कमी असेल तर ते आहे त्याहूनही कमी दिसतं. हिशेब असा: अल्ब्युमिन ४ पेक्षा जितकं कमी, त्याला ०.८ ने गुणा आणि कॅल्शियममध्ये मिळवा. कॅल्शियम ७.६ आणि अल्ब्युमिन २.५ असेल तर उत्तर ८.८ येतं, म्हणजे चित्र बरंच बदललं. तरी हा अंदाजच. बोटांना किंवा ओठांभोवती मुंग्या येत असतील तर हिशेब करत बसू नका, आयोनाइज्ड कॅल्शियम (रक्तातलं मोकळं कॅल्शियम) करायला सांगा. एचबीए१सीचंही (दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट) तसंच: अंगात लोह कमी असेल तर ते उगीच जास्त येतं, डॅप्सोन ही गोळी चालू असेल तर उगीच कमी. तो रिपोर्ट मागताना हिमोग्लोबिन सोबत करून घ्या.

आता स्टेरॉइड. सकाळी प्रेडनिसोलोन घेतलेल्या माणसाची उपाशीपोटीची शुगर चक्क नॉर्मल येऊ शकते आणि दुपारी जेवणानंतर तीच दोनशेच्या वर असते. आमच्या लॅबमध्ये असे किती तरी जण नुसती फास्टिंग देऊन समाधानाने घरी जातात. त्यामुळे दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासा. आणि शुगर वाढली म्हणून घाबरून गोळी अचानक बंद करू नका. या आजारात अचानक सुटलेलं स्टेरॉइड हेच भडक्याचं एक ठळक कारण आहे. शुगरवर वेगळं औषध मिळतं, स्टेरॉइड डॉक्टर टप्प्याटप्प्याने उतरवतात. कुणी ‘सोरायसिसची हमखास पुडी’ देत असेल तर त्यात काय आहे ते विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर घेऊ नका, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

सोरायसिसवरची अ‍ॅसिट्रेटिन ही गोळी चालू असेल तर ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) आणि लिव्हरचे रिपोर्ट सुरुवातीला लवकर लवकर करावे लागतात. दादाचं रक्त मी स्वतः सेंट्रिफ्यूजमधून काढलं तेव्हा पिवळसर, पारदर्शक असायला हवं ते सीरम (रक्तपेशी खाली बसल्यावर वर राहणारं पाणी) ताकासारखं पांढरं होतं. मशीनवर लावायच्या आधीच आकडा कळला. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेलं की स्वादुपिंडाच्या सुजेची काळजी घ्यायला लागते. रात्री जेवून बारा तास उपाशी या, सकाळचा दुधाचा चहासुद्धा नको. दारू पूर्ण बंद. बाईमाणसाला हे औषध असेल तर बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भ राहू देता येत नाही. हे घरात मोकळेपणाने बोललंच पाहिजे.

मेथोट्रेक्सेट हे सोरायसिसचं दुसरं औषध आठवड्यातून एकदाच, म्हणून वार वहीच्या मुखपृष्ठावर लिहा. वजन, शुगर आणि दारू असेल तर लिव्हर जास्त जपावं लागतं.

सायक्लोस्पोरिन या सोरायसिसच्या तिसऱ्या औषधावर बीपी आणि क्रिएटिनिन चढतं. घरी मशीन ठेवा. दंड सोललेला असेल तर पट्ट्याखाली पातळ सुती कापड घाला, आकडा फारसा बिघडत नाही आणि माणूस ओरडत नाही. या गोळीवर पपनस खायचं नाही, त्याने औषध रक्तात वाढतं. पोटॅशियमही वाढू शकतं, म्हणून ताप आला की आपण सवयीने देतो ते शहाळ्याचं पाणी विचारल्याशिवाय देऊ नका. कोलेस्टेरॉलची गोळी लिहिणाऱ्यांनाही सायक्लोस्पोरिन सांगा. सिमव्हास्टॅटिन त्याच्याबरोबर चालत नाही. तसंच बीपीसाठीचे बीटा ब्लॉकर आणि मानसिक आजारातलं लिथियम सोरायसिस भडकवू शकतात. दर वेळी वही समोर ठेवायची.

कंबर मोजताना शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, पोट आत ओढू देऊ नका. आपल्याकडे पुरुषाला ९० आणि बाईला ८० सेंटिमीटर ही रेघ. त्याबरोबर बीपी १३०/८५, फास्टिंग शुगर १००, ट्रायग्लिसराइड १५० आणि चांगलं कोलेस्टेरॉल (पुरुषात ४० च्या खाली, बाईत ५० च्या खाली) हे पाहायचं. पाचापैकी तीन जुळले की डॉक्टर मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात.

वजन उतरवायचं ते अंग शांत असताना. भडक्यात कातडीतून प्रथिनं आणि पाणी जातं, तेव्हा डाएट सुरू करणं वेडेपणा. त्या दिवसांत अंडी, मुगाचं वरण, दही, ताक (किडनीचा त्रास असेल तर प्रमाण विचारून). इतर वेळी ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ती तीन-चार खाल्ली तर शुगर वाढणारच. शेंगाचटणी आमचा जीव की प्राण, ती आता चमच्याने वाढतो. एकादशीला साबुदाणा बंद, त्यावर वहिनी अजून नाराज आहेत. तळपाय फुटलेले असतात तेव्हा ‘रोज चाला’ हा सल्ला कामाचा नाही. दादा खुर्चीत बसून पाय सरळ करतो, उठ-बस करतो.

ग्लुकोमीटरची सुई बोटाच्या कडेला, चांगल्या कातडीवर टोचा. मलम किंवा फळाचा रस लागलेला असेल तर आधी साबणाने हात धुवा, नाहीतर आकडा भलताच येतो. लॅबमध्ये आल्यावर पुटकुळ्यांच्या जागेतून सुई घालू नका असं तुम्हीच बजावा.

ताप आणि नवीन पुटकुळ्या एकत्र दिसल्या, पेटके आले, पाठीत जाणारी पोटदुखी आणि उलट्या सुरू झाल्या किंवा लघवी कमी झाली तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असेल तर उलट्या-तापात ती घ्यायची की थांबवायची हे आधीच डॉक्टरांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. रात्री दोनला ड्युटीवरच्या डॉक्टरला ते पान दाखवता येतं.