ऑटोवर टाकलं की पीएच नाचतो? सेटिंगला हात लावायच्या आधी हे बघा

अंधेरी-वसईकडच्या प्लेटिंगच्या गाळ्यांमध्ये हे कायम दिसतं, ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लँटला) पीएच कंट्रोलर बसवलेला आहे पण ऑपरेटर पंप मॅन्युअलवर ठेवून पीएच पेपरने चालवतोय. का, तर ऑटोवर टाकलं की ४ वरून थेट १० आणि मग अॅसिडचा पंप सुरू. आणि शिव्या कंट्रोलरला.

त्याचं काम तसं साधं असतं. प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवलेला पीएचचा सेन्सर, मिलिव्होल्ट देतो, पीएच ७ ला जवळपास शून्य आणि २५ डिग्रीला दर एका पीएचमागे साधारण ५९, आम्लाकडे प्लस, अल्कलीकडे मायनस. कंट्रोलर ते सेटपॉइंटशी, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या पीएचशी, ताडून बघतो आणि त्याप्रमाणे कॉस्टिक किंवा अॅसिड सोडणारा डोसिंग पंप चालवतो. त्याला दिसतं ते फक्त प्रोबला लागलेलं पाणी, तेही उशिरा.

म्हणून आधी टाकी बघा. कॉस्टिक (पीएच चढवायचा कॉस्टिक सोडा) पडल्यापासून रीडिंग हलायला किती वेळ लागतो ते मोबाईलवर मोजा, दोन मिनिटं लागत असतील तर ती दोन मिनिटं पंप आंधळेपणाने ओततच असतो. कॉस्टिकची लाइन अॅजिटेटरजवळ (पाणी ढवळणाऱ्या पंख्याजवळ) आणा, प्रोब त्या धारेखाली नको आणि कोपऱ्यात साचलेल्या पाण्यातही नको.

मग प्रोब, आणि इथे घाई करू नका. आधी ७ चा बफर (ठरलेल्या पीएचचं तयार द्रावण), मग ४ चा, मध्ये साध्या पाण्याने धुवून टिश्यूने नुसतं टिपायचं, घासायचं नाही. ४ च्या बफरला शून्यापासून १७७ च्या आसपास मिलिव्होल्टचा फरक पडला पाहिजे, खूपच कमी पडला तर साफ करा नाहीतर बदला. पावसाळ्यात आपल्याकडे एक भारी प्रकार होतो, केबलच्या कनेक्टरमध्ये ओल जाते, सिग्नल शॉर्ट होऊन शून्य मिलिव्होल्ट, आणि डिस्प्लेवर मस्त ७! काच तडकली तरी बहुतेक तसंच. सेटपॉइंट ७ असेल तर कंट्रोलर खुश, पंप बंद, आणि आम्लाचं पाणी सरळ गटारात. म्हणून दिवसभर ७ वर चिकटलेलं रीडिंग दिसलं तर प्रोब ४ च्या बफरमध्ये बुडवा, तरी ७ च दाखवलं तर ते रीडिंग खोटं.

आता सेटिंग. ऑन-ऑफ मोडवर असेल तर प्रपोर्शनल करा, म्हणजे सेटपॉइंट जवळ येईल तसा पंप हळू होतो. पीएच लॉगरिदमिक आहे, ४ वरून ५ ला न्यायला जेवढं कॉस्टिक लागतं त्याच्या जेमतेम दहाव्या भागात पुढचा एक पॉइंट चढतो (पाण्यात पीएच सहज बदलू न देणारं दुसरं काही नसेल तर), त्यामुळे ७ जवळ आल्यावर जरासा डोसही उडी मारतो. समजा सेटपॉइंट ८ आणि बँड (ज्या पट्ट्यात पंप हळू होत जातो तो) २, म्हणजे ६ ला पंप फुल, ७ ला अर्धा, ८ ला बंद. तरी नाचतोय तर बँड अजून वाढवा किंवा कॉस्टिक पातळ करा, मी तर आधी पातळच करेन. सोडायच्या पाण्याची रेंज कन्सेंटमध्ये (प्रदूषण मंडळाच्या परवानगीपत्रात) लिहिलेली असते, तिच्या आत आरामात बसलात की पुरे, ७.०० साठी हट्ट कशाला.

सायनाइडच्या लाइनचं पाणी अॅसिड डोसिंगच्या टाकीत येता कामा नये, विषारी वायू निघतो, ती लाइन वेगळीच ठेवा.

शेवटी ओव्हरडोस टायमर चालू करा, म्हणजे ठरावीक वेळ पंप चालूनही पीएच हलला नाही तर पंप बंद आणि अलार्म. आणि कॉस्टिकच्या ड्रममध्ये लेव्हल स्विच टाकाच, कारण ड्रम रिकामा असला तरी टायमर संपेपर्यंत कंट्रोलर पंपाला १०० टक्क्यांवर पळवतच राहतो आणि पंप हवा ओढत बसतो.