ऑपरेशननंतर मॅलिग्नंट ग्लॉकोमा झालाय? या चुका टाळा

काचबिंदूचं किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि काही दिवसांनी, कधी कधी महिन्यांनीसुद्धा, डोळा दुखायला लागला, लाल झाला, डोळ्यातलं प्रेशर वाढलं आणि फाइलवर मॅलिग्नंट ग्लॉकोमा लिहिलेलं दिसलं की घरचे कॅन्सर समजून हादरतात. कॅन्सरचा इथे काहीही संबंध नाही. डोळ्यात तयार होणारं पाणी पुढे यायच्या ऐवजी मागच्या जेलीकडे जाऊन अडकतं, मग ती जेली लेन्स आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) पुढे ढकलते आणि डोळ्याच्या पुढच्या भागातली जागा संपत जाते. छोट्या डोळ्यांना आणि बंद कोनाच्या काचबिंदूवाल्यांना (डोळ्यातलं पाणी बाहेर जायचा कोन बंद होतो तो प्रकार) हे जास्त होतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अ‍ॅट्रोपिनचे ड्रॉप मनाने बंद करणं. होतं असं की अशा पेशंटला आधी कुणीतरी बजावलेलं असतं, बाहुली मोठी करणारे ड्रॉप तुम्हाला चालणार नाहीत, आणि आता तेच ड्रॉप दिवसातून अनेक वेळा घालायला सांगितलेत म्हटल्यावर घरात गोंधळ उडतो. पण इथे गणित उलटं आहे, अ‍ॅट्रोपिनने लेन्स मागे खेचली जाते आणि पाण्याला वाट मिळते, म्हणून हाच मुख्य उपाय. बाहुली लहान करणाऱ्या पिलोकार्पिनच्या ड्रॉपने मात्र आजार बिघडतो, त्यामुळे घरात जुनी बाटली पडलेली असेल तर हात लावू नका. आणि प्रेशर उतरलं, बरं वाटलं म्हणूनही अ‍ॅट्रोपिन सोडायचं नाही, काहींना ते खूप महिने लागतं आणि अचानक थांबवलं की आजार परत येतो.

सोबत प्रेशरचे ड्रॉप, सूज कमी करायला स्टिरॉइडचे ड्रॉप, अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या, गरज पडली तर मॅनिटॉलची सलाइन असते. गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात, त्याला घाबरायचं कारण नाही, पण किडनीचा किंवा हृदयाचा त्रास, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा प्लीज.

दुसरी चूक, चष्म्याशिवाय जवळचं अचानक छान दिसायला लागलं म्हणून खूश होणं. लेन्स पुढे सरकल्यानेही तसं होतं, लगेच प्रेशर तपासून घ्या.

औषधांनी साधारण निम्म्या पेशंटना ५ दिवसांत फरक पडतो. नाही पडला तर "अजून थोडे दिवस ड्रॉपवरच बघू" असा हट्ट धरू नका, वाढलेल्या प्रेशरने गेलेली नजर परत येत नाही हो! कृत्रिम लेन्स बसवलेली असेल तर याग लेसरने जेलीचा पडदा फोडता येतो. तेवढ्याने भागलं नाही तर व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे ती जेली काढायचं ऑपरेशन, आणि त्यात नुसती जेली काढून चालत नाही, मागून पुढे पाण्याला कायमची वाट करावी लागते, नाहीतर आजार उलटू शकतो. सर्जनला हे मोकळेपणाने विचारा.

दुसऱ्या डोळ्यालाही धोका असतो, म्हणून त्याच्या ऑपरेशनच्या वेळी ही जुनी फाइल घेऊनच जा, हॉस्पिटल बदललं असेल तरी.