भुताशी मॅच: चुकलेल्या शॉटची किंमत मोजायला लावणारी ड्रिल

संध्याकाळी बास्केटबॉलच्या ग्राउंडवर जा, हेच दिसेल. पोरगा रिंगसमोर उभा, मित्र खालून बॉल देतोय, गप्पा चालल्यात आणि दहातले सात शॉट आत. तोच पोरगा मॅचमध्ये दोन फ्री थ्रो (फाउल झाल्यावर कोणी न अडवता लाइनवरून मारायचे शॉट) मिळाले की दोन्ही घालवतो आणि वर म्हणतो आज नशीब नव्हतं. नशीब कसलं, प्रॅक्टिसमध्ये शॉट चुकला तर त्याचं काही जातच नव्हतं ना!

आणि हे आपल्याच पोरांचं नाही हां. एनबीए म्हणजे अमेरिकेतली प्रोफेशनल लीग, तिच्या १९९५ च्या फायनलची पहिली मॅच, ऑर्लँडो ह्यूस्टनच्या ३ पॉइंटनी पुढे, शेवटचे दहाएक सेकंद, ऑर्लँडोच्या निक अँडरसनला दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही चुकले, रिबाउंड (चुकून परत आलेला बॉल) त्यालाच मिळाला, परत फाउल, परत दोन, तेही गेले. एकजरी पडला असता तरी मॅच जवळजवळ खिशात होती. ह्यूस्टनने थ्री (लांबच्या लाइनबाहेरून ३ पॉइंटचा शॉट) मारून बरोबरी केली, ओव्हरटाइममध्ये मॅच घेतली आणि सिरीज ४-० नेली.

तर ड्रिल. अमेरिकेत जुनी आहे ही, तिकडे एखाद्या स्टार प्लेअरचं नाव घेऊन त्याच्याविरुद्ध खेळतात. आमच्याकडची पोरं त्याला भूत म्हणतात, कारण समोर कोणीच नसतं आणि तरी तोच जिंकतो.

सुरुवात एका फ्री थ्रोने. पडला तर तुम्हाला १, चुकला तर भुताला थेट ३. त्यानंतर सगळे जंप शॉट (उडी मारून घेतलेले), पडला की तुम्हाला १, चुकला की भुताला २. जो आधी ११ ला पोचेल तो जिंकला. ऐकायला सोपं वाटतं पण जरा हिशोब करा. पहिला फ्री थ्रो पडला तर अजून १० मारायचे आणि चुकायला फक्त ५ चान्स, म्हणजे पंधरात दहा. तो पहिलाच चुकला तर ११ मारायचे आणि चुका फक्त ३ परवडतात, म्हणजे चौदात अकरा. एका शॉटने एवढा फरक पडतो, त्यामुळे पहिल्या शॉटलाच हात जड होतात, आणि आपल्याला तेच हवंय. अगदी नवीन पोरं असतील तर चुकल्यावर भुताला १ च द्या, नाहीतर रोज हरून कंटाळतील.

एका जागी उभं राहून मारायचं नाही. स्वतःच बॉलला उलटी फिरकी देऊन पुढे टाकायचा, टप्पा पडून आपल्याकडे आला की पकडायचा, पाय लावायचे, मारायचा. स्वतःचा रिबाउंड स्वतः धावत जाऊन आणायचा आणि पुढचा शॉट दुसऱ्या जागेवरून. चार-पाच मिनिटांत दम लागतो, आणि मॅचच्या शेवटी पाय असेच झालेले असतात. थ्री मारायची खाज ज्यांना आहे त्यांनी आधी ४-५ मीटरवरून भुताला हरवून दाखवावं, मग ६.७५ च्या लाइनबाहेर जावं.

आता मी घातलेली भर. ११ झाले तरी जिंकलात असं नाही, शेवटी एक फ्री थ्रो मारायचाच, तोही ५ सेकंदांत, कोणीतरी मोठ्याने आकडे म्हणायचे. चुकला तर तुमचा स्कोअर ९ वर, भुताला २ मिळतातच, आणि गेम चालू. हरलात तर कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन स्प्रिंट. शिक्षा म्हणून नाही, हरण्याला काहीतरी वजन हवं म्हणून, त्यामुळे उगाच दहा-बारा फेऱ्या देऊ नका.

बघायचं काय, तर स्कोअर ९-८ झाल्यावर काय बदलतं ते. आमच्यातला एक पोरगा एरवी तीन ड्रिबल (बॉलचे टप्पे), एक श्वास, मग शॉट असा मारतो. ९-८ ला त्याचा एकच ड्रिबल झाला, श्वास घेतलाच नाही, गुडघे सरळच राहिले आणि बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत त्याच्याच छातीवर. बॉल पुढच्या कडेला लागायला लागला की आधी गुडघे बघा, बहुतेक वेळा पाय वाकलेलेच नसतात. त्याला एवढंच सांगितलं की स्कोअर काही असो, तीन म्हणजे तीन.

पाच-सहा जण असतील तर शेवटची दहा मिनिटं नॉकआउट खेळा. फ्री थ्रो लाइनवर रांग, बॉल दोनच, मागच्याने तुमच्याआधी बास्केट केली की तुम्ही बाहेर. मजा येते, आरडाओरडा होतो, पण घाईत पोरं पहिला शॉट नुसता फेकतात आणि रिबाउंडवर जगतात, म्हणून मी त्याला शूटिंगची प्रॅक्टिस धरत नाही.

आणि रिंगला जाळी बांधून घ्या बुवा. आमच्याकडे वर्षभर नव्हती, बॉल आतून गेला की बाहेरून यावर रोज भांडणं, आणि भुताची बाजू घ्यायला कोणी नसल्यामुळे निकाल कायम त्याच्या विरोधात.