परसात करवंदाची जाळी

करवंदाचं बी ताजंच पेरावं. मे-जूनमध्ये पिकलेल्या काळ्या करवंदातलं बी काढून, धुऊन, सावलीत सुकवा आणि चार-पाच दिवसांत माती भरलेल्या पिशवीत पेरा. ठेवून दिलं तर उगवण झपाट्याने घटते. रोप वर्षाचं झालं की पुढच्या पावसाच्या तोंडाला लावा. फांदी मोडून लावायचा नाद सोडा, चिकामुळे सहसा मुळं फुटत नाहीत. त्याऐवजी पावसाळ्यात गुटी बांधा, म्हणजे झाडावरच्याच फांदीची साल गोल सोलून तिथे ओलं शेवाळ गुंडाळा आणि मुळं फुटली की कापून लावा.

खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. दोन झाडांत सहा फूट, कुंपणाला तीन. जावळी-पाटणकडच्या मुरमाड जमिनीत ते आपसूक वाढतं. खरी अडचण सांगली-मिरजेकडच्या काळ्या रानात: पाणी साचलं की मुळं कुजतात, पानं पिवळी पडतात. तिथे फूटभर उंच वरंबा करून, मातीत निम्मा मुरूम मिसळून लावा.

शेणखत वर्षाला दोन पाट्या पुरे. युरिया नकोच, नुसता पाला माजतो.

फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये फांदीच्या शेंड्याला येतात. थंडीत कुंपण कातरलं की त्या सालची करवंदं गेलीच! छाटणी फळं उतरल्यावर, जूनअखेर. हातमोजे जाड घाला, काटा दुतोंडी असतो.